ज्योतीवाचून ऊब

काशीचा उन्हाळा सर्वांना ऐकून ठाऊक असतो. काशीची थंडी मात्र तेथे पौष-माघ काढल्यावाचून कळत नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांतील जुन्या मराठी वस्तीत गल्ल्या अरुंद, भिंती दगडी. त्यांत गंगेवरचे धुके. अशा वेळी घरोघर बोरसी, म्हणजे निखाऱ्यांचे मातीचे पात्र, पेटत आले आहे. आता गॅसची अशीही शेगडी मिळते की, जिच्यात ज्योत दिसतच नाही. मग ऊब येते कोठून?

ज्वलन म्हणजे इंधनाचा प्राणवायूशी संयोग. ज्योत ही त्याची एक रीत आहे, अट नव्हे. १८१७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांना असे आढळले की, तापवलेली प्लॅटिनमची तार दगडी कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात धरली, तर ज्योतीवाचूनही ती लाल राहते. १८३५ मध्ये बर्झेलियस यांनी अशा क्रियांना जे नाव दिले, त्याला आपण उत्प्रेरण म्हणतो. उत्प्रेरक हा लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा असतो: संयोग घडवतो, स्वतः खर्च होत नाही.

या शेगडीत तंतूंच्या गादीवर प्लॅटिनमचा सूक्ष्म लेप असतो. गादी आरंभी तापवावी लागते. मागून गॅस झिरपतो, पुढून खोलीतील हवा येते. लेपावर रेणूंचे बंध सैल होतात, आणि ज्योतीला दीड-दोन हजार अंश लागतात तेथे काही शे अंशांतच काम भागते. पूर्ण ज्वलनाची उष्णता दोन्ही रीतींत सारखीच. येथे तिचा मोठा वाटा अवरक्त किरणांच्या रूपाने थेट आपल्या अंगावर येतो.

परंतु ज्योत नाही म्हणून धोका नाही, असे मानू नये. एक किलो गॅस जळताना सुमारे १२ घनमीटर हवेतील प्राणवायू संपतो. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीत हवा असते अवघी २८ घनमीटर. प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊ शकतो. बोरसीत तर तो विपुल असतो. त्याला रंग नाही, वास नाही; रक्तातील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. निजलेला माणूस जागाही होत नाही.

म्हणून शेगडी कोणतीही असो, खिडकी थोडी उघडी ठेवावी, आणि निजण्यापूर्वी शेगडी विझवावी. बोरसी असेल तर ती खोलीबाहेर न्यावी. थंडी पांघरुणाने भागते. हवेला मात्र दुसरा पर्याय नाही.