ध्रुवप्रदेशाची सहल : मुले कोणाची, भूमी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. दुष्काळ, बेकारी, शिक्षणाचे खाजगीकरण असे प्रश्न दाराशी उभे असताना, दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या आलिशान बोटी आणि त्यांवरून आईबापांबरोबर जाणारी धनिकांची मुले यांच्याशी आपल्याला काय कर्तव्य, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे असे की, संपत्तीचे केंद्रीकरण अखेर कोणत्या थराला जाते हे पृथ्वीच्या टोकाशी जितके स्वच्छ दिसते, तितके आपल्या गल्लीत दिसत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. लार्स-एरिक लिंडब्लाड या पर्यटन व्यावसायिकाने १९६६ साली हौशी प्रवाशांची तुकडी अंटार्क्टिकाला नेली, तेव्हापासून हा व्यवसाय रुजला. १९९२-९३ च्या हंगामात तेथे गेलेल्या पर्यटकांची संख्या सुमारे सात हजार होती. २०२३-२४ च्या हंगामात ती १ लाख २२ हजारांच्या घरात गेली. अर्जेंटिनातील उशुआया बंदरातून निघून, ड्रेक सामुद्रधुनी ओलांडून दहाबारा दिवसांत परत येणाऱ्या सफरीला माणशी दहा हजार डॉलरच्या आसपास भाडे पडते. आलिशान बोटीवर त्याच्या दुप्पट-तिप्पट. काही बोटींवर आता मुलांसाठी खास कार्यक्रम असतात. पेंग्विन मोजणे, सूक्ष्मदर्शकातून समुद्राचे पाणी पाहणे, रबरी होडी हाकण्याचे धडे, असे त्यांचे स्वरूप असते.

या सहलींचे समर्थन करणारे म्हणतात की, जे मूल हिमनग डोळ्यांनी पाहील ते मोठेपणी त्याचे रक्षण करील. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुलाच्या मनातील विस्मय ही मोलाची गोष्ट आहे आणि श्रीमंताच्या मुलाचा विस्मय गरिबाच्या मुलाच्या विस्मयाहून कमी अस्सल असतो, असे आपण मानता कामा नये. प्रश्न मुलाचा नाहीच. त्या मुलाला आपण प्रत्यक्षात काय शिकवतो, हा प्रश्न आहे.

फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सोशल लिमिट्स टू ग्रोथ’ या ग्रंथात एका विशिष्ट प्रकारच्या वस्तूंचे विवेचन केले आहे. या वस्तूंची किंमत त्या इतरांना मिळत नाहीत यावर अवलंबून असते. निर्जन किनारा हे त्याचे उत्तम उदाहरण. सर्वांना परवडला की तो निर्जन उरत नाही. ध्रुवीय सहल विकली जाते ती याच गुणावर. त्यात अलीकडे ‘बर्फ वितळण्यापूर्वी पाहून घ्या’ या आवाहनाची भर पडली आहे. मित्रहो, या वाक्यातील नीती नीट तपासा. एखादी वस्तू नष्ट होत असेल तर ती वाचवण्याआधी इतरांच्या पुढे धावून आपण तिचा उपभोग घ्यावा, हा तो धडा आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या मनावर तो एकदा बिंबला की पेंग्विनांची कितीही शास्त्रीय माहिती तो पुसू शकणार नाही.

आता खर्चाचा हिशेब. अर्थशास्त्रात आपण विचारतो : किंमत कोणी दिली आणि नुकसान कोणी सोसले? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय संशोधनाचा अंदाज असा की, २०१६ ते २०२० या काळात अंटार्क्टिकाला गेलेल्या प्रत्येक पर्यटकामागे, मुख्यतः बोटींच्या धुरातील काजळीमुळे, सुमारे ८३ टन बर्फ अधिक वितळले. काजळी बर्फावर बसते, बर्फ काळवंडते, ऊन शोषते आणि लवकर वितळते, इतकी ही साधी क्रिया आहे. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब आपणच करावा. हे ८३ टन तिकिटावर कोठेही लिहिलेले नसतात. त्या किनाऱ्यावर पाय ठेवण्यासाठी कोणत्याही सरकारला कर द्यावा लागत नाही, कारण तेथे कोणाचे मान्य सार्वभौमत्वच नाही. नफा कंपनीचा आणि तोटा साऱ्या जगाचा, अशी ही वाटणी आहे.

सुरक्षिततेचीही तीच गत आहे. २००७ सालच्या नोव्हेंबरात लिंडब्लाड यांच्यासाठीच बांधलेली ‘एक्स्प्लोरर’ ही जुनी बोट बर्फाला धडकून बुडाली. १५४ माणसे तासन्‌तास उघड्या होड्यांतून तरंगत होती. सर्वजण वाचले, कारण हवा शांत होती आणि दुसरी प्रवासी बोट मदतीला पोहोचू शकली. जेथे रुग्णालय नाही, बचाव पथक नाही, तेथे मुलाला सहलीसाठी नेणे हा केवळ पालकांच्या हौसेचा प्रश्न राहत नाही.

तथापि या बोटीवरच्या आणखी एका मुलाबद्दल मला बोलायचे आहे. ते बोटीवर नसते. ते साष्टीत, बार्देशात, रत्नागिरीच्या एखाद्या गावात किंवा फिलिपीन्समध्ये असते आणि त्याचा बाप जगातल्या कोणत्या तरी प्रवासी बोटीवर खोल्या झाडत, ताटे उचलत असतो. कराराचे सहा-आठ महिने संपेपर्यंत बापलेकांची भेट नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या यंत्रणेने कुशल खलाशासाठी २०२५ साली ठरवलेले किमान मूळ वेतन दरमहा ६७३ डॉलर होते. म्हणजे एका पाहुण्या मुलाचे दहा हजार डॉलरचे भाडे हे कुशल खलाशाचे जवळजवळ पंधरा महिन्यांचे मूळ वेतन झाले. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात किमान विश्रांतीचा पर्याय आहे. त्याप्रमाणे आठवड्यातून ७७ तास विश्रांती दिली की नियम पाळला गेला. उरलेले ९१ तास कामासाठी मोकळे. बापाने मुलाला जग दाखवावे ही भावना दोन्ही घरांत सारखीच आहे. एका घरात ती पुरी व्हावी म्हणून दुसऱ्या घरातला बाप दूर जातो.

मग करावे काय? बंदी हा सोपा शब्द आहे. पण व्यवस्था बदलणे अधिक टिकाऊ. १९५९ साली झालेल्या अंटार्क्टिक कराराने ही भूमी शांततेसाठी राखली, १९९१ च्या माद्रिद मसुद्याने तेथे खाणकाम निषिद्ध केले. एका वेळी शंभरांहून अधिक प्रवासी किनाऱ्यावर उतरवू नयेत, पाचशेंहून अधिक प्रवाशांच्या बोटीतून कोणालाच उतरवू नये, असे संकेत आहेत. परंतु एकूण किती बोटी जाव्यात यावर मर्यादा नाही आणि दैनंदिन शिस्त बव्हंशी पर्यटन कंपन्यांच्या १९९१ साली स्थापन झालेल्या संघटनेवर सोपवलेली आहे. कुंपणानेच शेताचे नियम करावेत, असा हा प्रकार होय.

भारताला येथे बोलण्याचा अधिकार आहे. १९५६ साली अंटार्क्टिकाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघापुढे नेण्याचा प्रयत्न आपल्या देशाने केला होता. गोव्याच्या किनाऱ्यावरून निघालेली आपली पहिली मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८२ मध्ये तेथे पोहोचली, आणि १९८३ पासून आपण करारातील निर्णयाधिकारी राष्ट्र आहोत. मे २०२४ मध्ये कोचीला झालेल्या बैठकीत पर्यटनाच्या नियमनावर स्वतंत्र चर्चेला प्रारंभ झाला. त्या चर्चेत आपल्या प्रतिनिधींनी तीन गोष्टींचा आग्रह धरावा : प्रवाशांची एकूण मर्यादा राष्ट्रांनी ठरवावी, प्रत्येक प्रवाशामागे शुल्क घेऊन त्याचा संशोधन व संरक्षण निधी उभारावा, आणि त्या निधीतला एक वाटा जगातील सर्वसामान्य शाळांपर्यंत ध्रुवीय विज्ञान पोहोचवण्यासाठी राखून ठेवावा.

वास्कोला आपले ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. अंटार्क्टिकात हिवाळा काढून आलेले शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ आपल्यातच आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत अशा एका माणसाने तासभर बोलावे, बर्फाच्या थरांतून हजारो वर्षांची हवा कशी मोजतात ते फळ्यावर काढून दाखवावे. यासाठी बर्फाचा एक कणही वितळवावा लागत नाही. आपल्या तालुक्यात असा एक कार्यक्रम घडवून आणणे हे येथे बसलेल्या प्रत्येकाच्या आवाक्यातले काम आहे. येत्या शैक्षणिक वर्षात ते व्हावे, एवढीच माझी सूचना आहे.