कोरी नोंद आणि शून्य



संगणकावर बोलायला युनियनचा माणूस कशाला, असे आपल्याला वाटले असेल. माझी शाळा आठवीपर्यंतची. पुढचे शिक्षण पगारपत्रकांवर झाले, आणि या विषयातही त्यांनीच मला ओढले.

एका कारखान्यात हजेरीचे यंत्र दोन दिवस बंद पडले. माणसे कामावर होती, माल बाहेर पडत होता. पगाराच्या चिठ्ठीवर मात्र दोन खाडे! आठवड्याचे ४८ तास भरले असता ३२ लागलेले. कारकून म्हणाला, "भाऊ, बेरीज संगणकाने केली, मी नव्हे." तेव्हा मी तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला गाठले.

मुलगा भला होता. त्याने 'पांडाज' नावाची लायब्ररी वापरली होती. लायब्ररी म्हणजे इथे पुस्तके नव्हेत, तयार हत्यारांची पेटी. वेस मॅकिनी या अमेरिकन गृहस्थाने २००८ साली ती रचायला घेतली. हजेरी, बाजारभाव, पाऊस अशा कालक्रमाने येणाऱ्या नोंदींचा, म्हणजे कालश्रेणीचा, हिशेब ती करते. ती फुकट मिळते, हे विशेष.

या पेटीत कोऱ्या नोंदीला वेगळी खूण आहे. पण बेरीज करताना ती कोरी घरे मुकाट्याने वगळते. आणि सगळीच घरे कोरी असली तर? यावर खुद्द कारागिरांतच वाद झाला. एके काळी उत्तर दुसरे एक साहाय्यक पॅकेज यंत्रावर आहे की नाही यावर ठरे! ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीत उत्तर 'कोरे' ठरले. डिसेंबरमध्ये ते फिरवून 'शून्य' केले. त्यांचे म्हणणे खोटे नाही. रिकाम्या टोपलीतल्या आंब्यांची बेरीज शून्यच. तसे न धरले तर हिशेबाचे तुकडे पाडून पुन्हा जोडता येत नाहीत.

पण मंडळी, आमची टोपली रिकामी नव्हती, झाकलेली होती! कोरे घर म्हणजे 'ठाऊक नाही', आणि ठाऊक नाही म्हणून माणसाचा रोज कापायचा? लायब्ररीत सोय आहे: किमान इतक्या नोंदी असल्या तरच बेरीज दे, असे सांगता येते. मात्र न सांगितल्यास तो किमान आकडा शून्यच धरला जातो. रातपाळीचेही तसेच. दिवस मध्यरात्री सुरू होतो असे पेटी धरून चालते. दहाला कामावर आलेल्याचे दोन तास एका तारखेला आणि सहा दुसऱ्या तारखेला पडतात. तेही बदलता येते, पण सांगावे लागते. न सांगता काय गृहीत धरायचे, हा प्रश्न दिसायला कारागिरीचा. त्याचा भार कोणावर पडतो ते मी चिठ्ठीवर पाहिले.

मुलाने दुरुस्ती एका दुपारात केली. मालकांशी बोलणी मात्र दोन महिने चालली. आता चिठ्ठीवर तासांच्या शेजारी किती दिवसांच्या नोंदी सापडल्या तो आकडा छापतात. आमचे लोक आधी तोच पाहतात.