दहावीच्या पुस्तकातून गळलेला धडा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही चौघे मंडळाच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवतो. भाषण एकाने वाचायचे ठरले, पण ते लिहिले चौघांनी मिळून. म्हणून सारखे ‘आम्ही’ येईल, तो मोठेपणा समजू नये.

विषय आम्हाला एका मुलीने दिला. मे महिन्यात ती अमळनेरला काकांकडे गेली होती. तिचा चुलत भाऊही दहावीत. त्याच्या बालभारतीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. तिच्या शाळेत एनसीईआरटीचे पुस्तक आहे आणि त्यात धड्याचे नाव नुसते ‘आनुवंशिकता’. परत आल्यावर तिने विचारले, “ताई, उत्क्रांती महाराष्ट्रात झाली आणि गुजरातमध्ये झाली नाही, असं आहे का?” वर्गात सगळे हसले. पण उत्तर आम्हालाही नीट देता आले नाही. आज ते द्यायचा प्रयत्न करतो.

आधी घडले काय ते सांगतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात पूर्वी या धड्याचे नाव ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असेच होते. कोरोनानंतर मुलांवरचे ओझे कमी करायचे म्हणून २०२२ मध्ये बराच मजकूर वगळायचे ठरले आणि २०२३ च्या नव्या पुस्तकांतून उत्क्रांती गेली. त्या एप्रिलमध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्रावर सह्या करून हा भाग परत घ्या, असे म्हटले. हा विषय बारावीच्या जीवशास्त्रात सविस्तर आहे, असे उत्तर मिळाले. ते खरेच आहे, बारावीत तो आहे. धर्माची कथा पुस्तकात घुसवण्यासाठी हा धडा काढला, असे आम्ही म्हणत नाही.

पण सचिनमध्ये बसून विचार करा. आपली किती मुले बारावीला जीवशास्त्र घेतात? दहावी झाली की कोणी आयटीआयला जातो, कोणी डिप्लोमाला, कोणी कॉमर्सला, आणि घरची ओढाताण असेल तर थेट जीआयडीसीत कामाला. त्यांच्यासाठी दहावीचे पुस्तक हेच विज्ञानाचे शेवटचे पुस्तक. जे त्यात नाही, ते त्यांना कोणी शिकवणार नाही. आणि रिकामी जागा रिकामी राहत नाही. मोबाईलवर येणारा एखादा व्हिडिओ ती भरून काढतो.

आता दुसरी बाजू. आपल्याच मंडळातले काही ज्येष्ठ म्हणतात, “डार्विनही शिकवा आणि आपल्या शास्त्रात सृष्टीची उत्पत्ती सांगितली आहे तीही शिकवा. मुले ठरवतील.” ऐकायला हे न्यायाचे वाटते. बाहेरही हा आग्रह झालेला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना अमेरिकेत आहेत. तिथल्या लुइझियाना राज्याने कायदाच केला होता की, सरकारी शाळेत उत्क्रांती शिकवायची तर सृष्टी देवाने निर्माण केली हा विचारही शिकवलाच पाहिजे. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात तोच विचार वेगळ्या नावाने शाळेत आणला गेला. २००५ मध्ये न्यायाधीशांनी साक्षीपुरावे ऐकून सांगितले की हे विज्ञान नव्हे.

आपल्याकडे जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, एका संमेलनासाठी आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि शाळा-कॉलेजांतून तो बदलला पाहिजे. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी लिहून ठेवलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र पत्रक काढून हे म्हणणे खोडून काढले आणि त्यांच्याच खात्याचे कॅबिनेट मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधाने टाळायला सांगितले.

त्या युक्तिवादाचे उत्तर आपल्या घरातच आहे. आपले एक घराणे. एक भाऊ अमळनेरला राहिला, एक सुरतेला आला. चार पिढ्यांनी दोन्हीकडची बोली वेगळी, खाणे वेगळे. म्हणून सुरतेचे अमळनेरच्यांपासून जन्मले असे कोणी म्हणत नाही. दोघांचा पणजोबा एक. उत्क्रांती एवढेच सांगते. आजच्या माकडापासून माणूस झाला असे ती म्हणत नाही. दोघांचे पूर्वज फार मागे कुठेतरी एक होते, असे म्हणते.

आणि पाहिले नाही म्हणजे कळत नाही, असेही नाही. आपल्या सुरत जिल्ह्यातच मांगरोळ तालुक्यात वस्तानची लिग्नाइटची खाण आहे. नानी नरोलीच्या वीज केंद्रासाठी तिथून कोळसा निघतो. त्याच खाणीच्या थरांत भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांना सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांचे दात, जबडे, हाडे सापडली. वटवाघळे सापडली, माकडांच्या गटातले अगदी आरंभीचे लहानसे प्राणी सापडले, डिंकाच्या दगडात अडकलेले किडे सापडले. एका प्राण्याला खंभातच्या नावावरून ‘कॅम्बेथेरियम’ म्हणतात. घोडा आणि गेंडा हे आज किती वेगळे दिसतात! पण त्या दोघांच्या मूळ घराण्याच्या अगदी जवळचा हा प्राणी. याच्यावरचा लेख २०१४ मध्ये जगातल्या एका मोठ्या विज्ञान नियतकालिकात आला. आपल्या मुलांना तो कोणी सांगितला?

दुसरा पुरावा गावाकडच्या शेतात आहे. बीटी कपाशी देशात २००२ मध्ये आली. बोंडअळी मरू लागली, फवारणी कमी झाली, शेतकरी खूश. बीटीच्या पाकिटाबरोबर बिगर-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट यायचे, ते शेताच्या कडेने लावा असे सांगितलेले असायचे. आपल्यापैकी किती जणांच्या घरी ते लावले गेले? उत्पन्न कशाला घालवायचे म्हणून बहुतेकांनी ते टाकून दिले. ते पाकीट कशासाठी होते, ते पाहा. लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिला बीटीचे विष बाधत नाही. सगळे शेत बीटीचे असेल तर तेवढ्याच जगतात, त्यांचीच आपसात वीण होते आणि काही वर्षांत सगळ्या अळ्या तशाच होतात. कडेला साधी कपाशी असेल तर तिथल्या साध्या अळ्याही जगतात. त्यांचे पतंग या थोड्या पतंगांशी जुळतात आणि विषाला न जुमानणारी जात लवकर पसरत नाही. हीच डार्विनची नैसर्गिक निवड. २०१० मध्ये बियाणे कंपनीनेच मान्य केले की गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही. पुढे दुसऱ्या बीटीचेही तेच झाले आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात कपाशीचे किती नुकसान झाले, ते तुम्ही फोनवर भावांच्या तोंडून ऐकले आहे. तो धडा ज्याला कळला, तो ते छोटे पाकीट फेकणार नाही. डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडणार नाही, कारण जंतूंचेही असेच होते.

मग ‘दोन्ही शिकवा’ का नको? आमच्यापैकी एक जण प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये आहे, त्याचे म्हणणे सांगतो. पार्टीने शेड दिला की आधी लॅब डिप काढतात. मास्टर कितीही अनुभवी असो, शेड जुळला नाही तर कपडा मशीनवर चढत नाही. विज्ञानाच्या तासाला हाच नियम आहे. जे तपासता येते आणि तपासात नापास होऊ शकते, तेच तिथे येते. डार्विनलाही सूट नाही. पुराणातली सृष्टीकथा अशा तपासासाठी सांगितलेलीच नाही. ती तिथे नेली तर तिला नापास तरी करावे लागेल, किंवा तिच्यासाठी नियम तरी मोडावा लागेल. भाविक माणसाला यातले काय आवडेल?

शिवाय दुसरी म्हणजे कोणती कथा? सचिनच्या कुठल्याही वर्गात खानदेशी मुलाशेजारी ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे, डांगच्या आदिवासी घरातले मूल बसते. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती. प्रत्येकाच्या घरी सृष्टीची कथा वेगळी. संविधानाचे २८ वे कलम सांगते की सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचे नाही. आणि ५१ अ कलमात वैज्ञानिक दृष्टी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे.

दशावताराबद्दलही विचारले जाते. मासा, कासव, वराह, नरसिंह, मग माणूस, हा क्रम पाहून आपल्या पूर्वजांना उत्क्रांती ठाऊक होती असे वाटते. २०१९ मध्ये जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी तसे म्हटलेही. आमचे नम्र मत असे, की देव प्रत्येक रूपात भक्ताच्या मदतीला येतो हा दशावताराचा अर्थ आहे, आणि तो पुरेसा मोठा आहे. त्याला जीवशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही. उत्क्रांतीत तर कोणी ठरवून कोणासाठी येत नाही.

घरातली कथा घरात सांगूच. मार्च २०२२ मध्ये गुजरात सरकारने शाळांत भगवद्गीता शिकवण्याचे जाहीर केले. त्यावर मते वेगळी असू शकतात, पण ती विज्ञानाच्या तासाला आणलेली नाही, एवढा फरक लक्षात ठेवावा. २०१४ मध्ये मात्र राज्यातल्या सुमारे ४२,००० सरकारी शाळांना पूरक वाचनाची जी पुस्तके दिली गेली, त्यांतल्या ‘तेजोमय भारत’मध्ये वेदकाळी मोटार होती असे छापले होते. तिथे ही रेघ पुसली गेली.

ज्यांनी १८९३ मध्ये पुण्यात हा उत्सव सार्वजनिक केला त्या लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले. त्यात सांख्यांच्या विचाराजवळ डार्विन आणि हेकेल यांची चर्चा आहे. गीतेवर भाष्य करणाऱ्याला डार्विनची भीती वाटली नाही. आपल्याला का वाटावी? उत्सवात व्याख्याने ठेवायची रीत त्याच काळातली, म्हणून हा विषय इथे बोलायला आम्हाला संकोच वाटला नाही.

पुस्तक बदलणे आपल्या हातात नाही. पण अभ्यासवर्ग आपला आहे. विसर्जनानंतरच्या दोन रविवारी आम्ही दहावीच्या मुलांना हा धडा शिकवणार आहोत. परीक्षेत येणार नाही, गुणही मिळणार नाहीत, हे आधीच सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत बालासिनोरजवळ रैयोलीला डायनोसॉरचे संग्रहालय पाहायला सहल काढायचा विचार आहे.

तुमच्याकडून एकच मदत हवी. दसऱ्या-दिवाळीला गावी जाल तेव्हा बालभारतीचे दहावीचे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ घेऊन या. भाच्याचे, पुतण्याचे जुनेही चालेल, वह्यांसारखे रेघोट्या मारलेलेही चालेल. वर्गात पंचवीस मुले आहेत आणि आमच्याकडे सध्या तीनच पुस्तके. त्यातले एक त्या अमळनेरच्या भावाने बहिणीबरोबर पाठवलेले आहे.

गणपतीबाप्पा मोरया!