योजना पाच लाखांची, कागद कुठे आहे?

(चेंबूर येथे हितचिंतकांच्या सभेत केलेले भाषण)



महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला लागू करण्याचा निर्णय मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या मंत्रिमंडळाने २८ जून २०२३ रोजी घेतला. दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. आपल्या चेंबूरमध्ये त्यावर बरेच बोलले गेले. पांढऱ्या रेशनकार्डाची घरे खूश झाली, कारण आजवर ही योजना मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांची होती. काहींनी विचारले, सगळेच रांगेत आले तर गरिबाला खाट मिळणार का? प्रश्न रास्त आहे. दर परवडत नाहीत ही खासगी रुग्णालयांची तक्रार तर जुनीच.

पाड्यावर मात्र हा वाद मी ऐकला नाही. तिथे विचारतात, "ताई, कार्ड कुठं दाखवायचं?"

ही योजना आधी राजीव गांधी जीवनदायी या नावाने २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत मुंबई उपनगर होते, रायगडही होता. म्हणजे चेंबूरचे कुटुंब आणि कर्जतकडचे कातकरी कुटुंब एकाच दिवशी पात्र ठरले. जव्हार-मोखाड्याला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. पण पात्र ठरणे वेगळे. कातकरी माणूस दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो तो पावसाच्या तोंडावर परततो. रेशनकार्ड असलेच तर गावी. आधारवर नाव एक, रेशनकार्डावर दुसरे. शिवाय योजना आहे ती यादीतल्या शस्त्रक्रियांची आणि दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. तापाच्या गोळ्यांची नाही. सोबत आलेल्या नवऱ्याची बुडालेली मजुरी कोणत्याच पॅकेजमध्ये बसत नाही. आणि मजुरी कसली, आधी उचल घेतलेली असते! एक दिवस बुडाला की फेड तेवढी लांबते.

पाच लाखांच्या घोषणेला टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. आपले काम त्याच्या अलीकडचे आहे. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. त्याच्या टेबलापर्यंत माणूस कागदांसह पोचला, तर पुढचे बरेचसे मार्गी लागते. रायगडचा पेशंट सायनला येतो. चेंबूरहून सायन किती लांब? सकाळी दोन तास कोणी सोबत उभे राहिले, झेरॉक्स काढून दिल्या, तरी पुरते. निवृत्त मंडळींनी, विशेषतः ऑफिसात कारकुनी केलेल्यांनी, सभेनंतर नाव द्यावे. आणि दिवाळीच्या आत, लोक भट्टीवर जायच्या आधी, पाड्यांवर जाऊन कार्डांवरची नावे जुळवून घ्यायची आहेत. त्यासाठी चार माणसे हवीत.