टेकडीसाठी निधी कोठून आणावा?

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त विश्वस्त व कार्यकर्त्यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



माझा व्यवसाय कापडाचा आणि शिक्षण वाणिज्य शाखेचे. वृक्षवल्लींविषयी अधिकारवाणीने बोलणारी मंडळी या सभागृहात माझ्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत. तथापि धर्मशाळेमागील टेकडी व पायथ्याचे तळे यांचे संवर्धन करावे, लोकांना पहाटे फिरावयास पायवाट करून द्यावी, असा ठराव आपण सुवर्णमहोत्सवानिमित्त केला आहे आणि त्यासाठी लागणारा पैसा कोठून आणावयाचा हा प्रश्न अध्यक्षांनी माझ्याकडे सोपविला आहे. पैशाविषयी दोन शब्द बोलावयास मला संकोच वाटत नाही.

प्रथम जमिनीविषयी. ताका उलगडून पाहिल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. येथेही सातबारा पाहिल्याशिवाय अर्ज लिहू नये. आपल्या टेकडीचा खालचा तुकडा ट्रस्टच्या मालकीचा आहे, वरचा माथा वन विभागाचा आहे आणि तळे नगरपालिकेचे आहे. म्हणजे जमीन एकच दिसत असली तरी तिचे धनी तीन, आणि प्रत्येक धन्याच्या जमिनीसाठी निधीची वाट निराळी. वनजमिनीवर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारच्या मंजुरीखेरीज वनेतर काम करता येत नाही. तेथे आपण परस्पर पायऱ्या बांधावयास निघालो तर देणगीदाराचा पैसा आणि आपली अब्रू दोन्ही अडकतील. ट्रस्टची जमीन दुसऱ्या कोणास दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावयाची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हेही लक्षात असू द्यावे.

आता निधीच्या वाटा पाहू. सर्वांच्या तोंडी असलेली वाट म्हणजे कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी, ज्याला आपण सीएसआर म्हणतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ अन्वये ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. कोणत्या कामावर, याची यादी त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तीत पर्यावरणाचे संतुलन, वनस्पती व प्राणी यांचे रक्षण, माती-पाणी-हवा यांची गुणवत्ता ही कामे स्पष्ट शब्दांत आहेत. मात्र निव्वळ फिरण्याची, विरंगुळ्याची जागा तीत कोठेही नाही. म्हणून ‘जॉगिंग ट्रॅकसाठी मदत द्यावी’ असा अर्ज केला तर कंपनीचा अधिकारी तो बाजूला ठेवील. तोच प्रस्ताव टेकडीची धूप थांबविणे, तळ्यात येणारा गाळ अडविणे आणि लोकांची पावले एकाच आखलेल्या वाटेवर राहून बाकीचे गवत तुडविले जाऊ नये, अशा रीतीने मांडला तर तो यादीत बसतो. यात लबाडी नाही. पायवाटेचे खरे प्रयोजन तेच आहे. ते आपण लिहावयास विसरतो, इतकेच.

कंपनीचा पैसा घेणाऱ्या संस्थेची नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ या नमुन्यात असावी लागते. त्यासाठी आयकराच्या दोन्ही नोंदण्या, म्हणजे आपल्या परिचयाच्या ‘बारा-ए’ व ‘ऐंशी-जी’, आणि तशाच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. येथे आपली अडचण आहे आणि ती मी आडपडदा न ठेवता सांगतो. जी संस्था विशिष्ट धर्मीय समाजाच्याच हितासाठी स्थापन झाली आहे, तिला ‘ऐंशी-जी’ची मान्यता मिळत नाही. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी जी घटना लिहिली, ती मंदिर, धर्मशाळा आणि साधर्मिकांची सेवा यांसाठी लिहिली. त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु टेकडीवर येणारा मनुष्य कोणत्या समाजाचा हे विचारून आपण त्याला पाणी देणार नाही. तेव्हा या कामासाठी सर्वांना खुला असा स्वतंत्र सार्वजनिक न्यास नोंदवावा, किंवा पर्यावरणाचे काम आधीपासून करीत असलेल्या एखाद्या विश्वासू संस्थेशी लेखी करार करावा, असे माझे मत आहे. नवा न्यास काढला तर अनुभवाची तीन वर्षे आजपासून मोजावयास लागतील. म्हणूनच पहिले काम लहान असले तरी चालेल, पण त्याची दप्तरी नोंद चोख असावी: कोणत्या दिवशी किती माणसे आली, किती मीटर चर खोदले, छायाचित्र कोणत्या ठिकाणाहून घेतले. आयकरासाठी पर्यावरणाचे रक्षण हे २००९ सालापासून धर्मादाय कार्याच्या व्याख्येतच समाविष्ट आहे, त्यामुळे त्या बाजूने चिंता नसावी. नोंदणी पूर्वी एकदा मिळाली की कायमची असे. २०२१ पासून ती मुदतीची झाली आहे. तिचे नूतनीकरण कोण सांभाळणार, त्याचे नाव आजच ठरवावे.

दुसरी वाट सरकारची. तिचा नियम असा की बहुतेक योजनांचा पैसा आपल्या हाती कधीच येत नाही. तो वन विभागाच्या किंवा नगरपालिकेच्या हाती येतो आणि आपण त्यांचे सोबती असतो. हे ज्यांना कमीपणाचे वाटते, त्यांनी या वाटेला जाऊ नये. केंद्र सरकारने २०२० साली नगर वन योजना सुरू केली. शहराच्या हद्दीतील १० ते ५० हेक्टरपर्यंतच्या जागेवर नगर वन आणि १ ते १० हेक्टरपर्यंतच्या जागेवर नगर वाटिका, अशी तिची रचना असून निर्मितीसाठी हेक्टरी ४ लाख रुपये ठरविण्यात आले. हा पैसा भरपाई वनीकरणाच्या राष्ट्रीय निधीतून येतो, म्हणजे धरणे, खाणी व रस्ते यांसाठी जेथे जंगल गेले त्याच्या मोबदल्यातून. योजना जाहीर करताना नमुना म्हणून पुण्याच्या वारजे येथील स्मृतिवनाचे नाव घेण्यात आले. तेथे अतिक्रमणाने ग्रासलेल्या १६.८ हेक्टर उजाड वनजमिनीवर लोकसहभागातून वन उभे राहिले. आपल्या टेकडीचा माथा या योजनेत बसू शकेल; मात्र प्रस्ताव विभागीय वन अधिकाऱ्यांकडून जावयास हवा. तळ्याच्या गाळासाठी राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली आली आणि २०२३ साली तिला पुन्हा चालना मिळाली. बुलढाणा जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरविली, इंधन सरकारने दिले आणि गाळ शेतकऱ्यांनी आपल्या खर्चाने नेला, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. तीन पक्षांनी आपापला भार उचलला म्हणून काम झाले. एकट्या कोणाच्या तिजोरीतून ते झाले नसते. आपले तळे या योजनेच्या निकषांत बसते की नाही हे जलसंधारण कार्यालयात विचारून घ्यावे.

तिसरी वाट परदेशाची, आणि तिच्याविषयी येथील मंडळींना मोठी आशा आहे, कारण आपली कितीतरी मुले अमेरिकेत व इंग्लंडमध्ये आहेत. एक भेद नीट समजून घ्यावा. मुलगा परदेशी राहत असला पण त्याचे पारपत्र भारतीय असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठविलेली देणगी परकीय अंशदान ठरत नाही. त्याने तेथील नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र तीच रक्कम, त्याच मुलाची, परकीय अंशदान ठरते आणि तिला केंद्रीय गृह मंत्रालयाची मान्यता लागते. ती मान्यता मिळविण्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी व त्या काळात तिने आपल्या कार्यावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच यावा लागतो आणि तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. तेव्हा देणगीची पावती फाडण्यापूर्वी पारपत्र कोणत्या देशाचे हे विचारण्यास लाजू नये.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तेथे १९६५ पासून जमीन व जल संवर्धनाचा एक राष्ट्रीय निधी आहे. समुद्रतळातील तेल व वायूपासून सरकारला जे उत्पन्न मिळते त्यातून तो भरला जातो, आणि २०२० च्या कायद्याने त्याला दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे लावून दिले आहेत. त्यातून गावोगावच्या बागा, पायवाटा, नदीकाठ यांना मदत मिळते; पण निम्मा खर्च स्थानिकांनी उचलावा लागतो. शिवाय ज्या जागेला एकदा हा पैसा लागला, ती जागा लोकांच्या खुल्या वावरासाठी कायमची राखून ठेवावी लागते. पुढे कोणी तिचा वापर बदलला तर तितक्याच मोलाची दुसरी जागा द्यावी लागते. ही दुसरी अट मला विशेष आवडली. आपल्याकडे उद्यानासाठी राखलेल्या जागांचे पुढे काय होते हे मी या सभेत सांगावयाची गरज नाही.

आता आपल्यापुढील खऱ्या प्रश्नाकडे येतो. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने आपल्या टेकडीसाठी एकरकमी मदत देऊ केली आहे. रक्कम चांगली आहे. अटी अशा की टेकडीवर हिरवळ लावावी, कारंजे असावे, रात्रीची रोषणाई असावी आणि वर्षभरात पाच हजार झाडे लावल्याचा दाखला द्यावा. काही विश्वस्तांचे म्हणणे, आलेली लक्ष्मी परत पाठवू नये. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, तरीही या अटींवर ही मदत घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण असे. आपली टेकडी ही मुळात गवताची टेकडी आहे. तेथे पावसाळ्यात जी लहान फुले येतात, कुसळीच्या गवतात जे चंडोल घरटी करतात, ससे व घोरपडी ज्या मोकळ्या उतारावर राहतात, त्या सर्वांना ऊन लागते. दख्खनच्या अनेक टेकड्यांवर मागील पिढीत गिरिपुष्प आणि सुबाभूळ दाट लावली गेली. हिरवे दिसले, पण खालचे गवत गेले आणि त्याबरोबर त्यावर जगणारेही गेले. देणगीदाराला झाडे मोजता येतात, गवत मोजता येत नाही, म्हणून पैसा झाडांकडे धावतो. रात्रीच्या दिव्यांचा तर विचारही नको. आपण सूर्यास्तानंतर भोजन करीत नाही ते सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी म्हणून, आणि टेकडीवर रात्रभर दिवे जाळून लक्षावधी कीटक मारावयाचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

त्याहून मोठे कारण खर्चाचे आहे. अनुदान हे बहुधा निर्मितीसाठी मिळते, सांभाळण्यासाठी नाही. एका रखवालदारास महिना १२,००० रुपये धरले तर वर्षाचे १,४४,००० होतात. ७ टक्के व्याज धरले तर एवढे उत्पन्न येण्यास साडेवीस लाखांची ठेव लागते. आणि हा फक्त एक माणूस झाला. कारंज्याचे वीजबिल, हिरवळीचे पाणी यात नाही. उन्हाळ्यात आपल्या शहराला नळाचे पाणी एक दिवसाआड येते, तेव्हा हिरवळीला टँकर लावताना लोक आपल्याला काय म्हणतील?

म्हणून माझी सूचना अशी की सुवर्णमहोत्सवात जमा होणारी रक्कम बांधकामात घालू नये. ती कायम निधी म्हणून ठेवावी व प्रत्येक देणगीदाराकडून तसे लेखी घ्यावे, कारण लेखी निर्देशाशिवाय देणगी कायम निधीत धरता येत नाही. चर, बांध, वाट, तळ्याचा गाळ यांसाठी अनुदान मिळवावे. रखवाली व निगा व्याजातून व्हावी. दोन हजारांवरील रोख देणगीला करसवलत मिळत नाही हा नियम २०१७ पासून आहे, तेव्हा धनादेशाचाच आग्रह धरावा. आणखी एक गोष्ट व्यापारी म्हणून सांगतो. मंजूर झालेली रक्कम म्हणजे गल्ल्यात आलेली रक्कम नव्हे. हप्ते येतात, पुढचा हप्ता मागच्याच्या हिशेबानंतर येतो आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही. किमान एका हप्त्याइतके खेळते भांडवल हाताशी ठेवूनच काम सुरू करावे.

साताऱ्याजवळील कास पठाराचे उदाहरण आपण सर्व जाणता. २०१२ साली ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत गेले. गर्दी वाढली तेव्हा वन विभागाने व आसपासच्या गावांच्या समितीने प्रवेशशुल्क लावले, रोजच्या पर्यटकांची संख्या बांधून दिली, आणि त्या शुल्कातून फुलांच्या हंगामात गावातील तरुणांना रखवालीचे व वाटाड्याचे काम मिळते. आपल्याकडे शुल्क घ्यावे असे मी म्हणत नाही. पहाटे फिरावयास येणाऱ्या वृद्धांकडून पाच रुपये घेणेही मला रुचणार नाही. परंतु शाळांच्या सहली व निसर्गशिबिरे यांच्याकडून माफक शुल्क घेण्यास हरकत नसावी. यावर दुमत होईल, ते सभेत व्हावे.

कारखान्याच्या व्यवस्थापकांना नकाराचे पत्र न पाठविता मी एक प्रतिप्रस्ताव तयार केला आहे: हिरवळ व कारंजे वगळून तेवढ्याच रकमेत तीन वर्षे चर, बांध, आखलेली पायवाट, पिण्याच्या पाण्याची सोय आणि गवत व पक्ष्यांची दरवर्षी नोंद. कंपन्यांना चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून पुढील तीन वर्षांत वापरण्याची मुभा कायद्याने दिली आहे, त्यामुळे मुदत त्यांना अडचणीची होऊ नये. त्यांनी मान्य केले तर उत्तम. न केले तर रक्कम लहान असलेल्या दुसऱ्या दाराकडे जाऊ.

प्रतिप्रस्तावाचा मसुदा पेढीवर ठेवला आहे. विश्वस्तांनी वाचून येत्या अमावस्येपर्यंत आपला अभिप्राय लेखी द्यावा. सातबाऱ्याचा ताजा उतारा, मोजणीचा नकाशा आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल ही कागदपत्रे कार्यवाहांनी त्याच फाईलला जोडावीत, म्हणजे वन विभागाच्या भेटीस आम्हा चौघांना रिकाम्या हाताने जावे लागणार नाही.