शीतयंत्रांची देखभाल आणि माणसाची जबाबदारी



काश्मीर आणि हिमाचल प्रदेशातील सफरचंदे दिल्लीच्या आझादपूर बाजारात हंगाम सरल्यावरही मिळतात, याचे श्रेय शीतगृहांना आहे. भारतातील बहुसंख्य मोठ्या शीतगृहांत उष्णता वाहून नेण्याचे काम अमोनिया करतो. तो उणे 33 अंश सेल्सियसला उकळतो व उकळताना भोवतालची पुष्कळ उष्णता शोषून घेतो. ओझोनच्या थरालाही तो अपाय करीत नाही. त्यामुळे 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर क्लोरोफ्लुओरोकार्बन मागे पडले, तरी अमोनियाचे स्थान अबाधित राहिले. मात्र तो विषारी आहे. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण 300 भागांवर गेले, की जिवाला तत्काळ धोका संभवतो.

असा धोका पुष्कळदा अगदी नित्याच्या कामातून उद्भवतो. संपीडकातील वंगणतेलाचा काही अंश वायूबरोबर नळ्यांत जातो. द्रव अमोनियाहून जड असल्याने हे तेल तळाशी साचते आणि यंत्राची कार्यक्षमता घटवते; म्हणून ते वेळोवेळी काढावे लागते. थंडीने घट्ट झालेले तेल झडप उघडूनही बाहेर पडत नाही. कामगार झडप आणखी उघडतो. एकाएकी अडथळा सुटतो आणि तेलापाठोपाठ द्रव अमोनिया उसळून येतो. अशा ठिकाणी हात सुटताच आपोआप मिटणारी झडप हवी, मुखवटा व हातमोजे हवेत, आणि जोडीला दुसरा माणूस हवा. झडप उघडी टाकून जागा सोडणे हा अक्षम्य प्रमाद होय. सांडलेल्या द्रव अमोनियावर पाणीही ओतू नये, कारण पाण्याच्या उष्णतेने तो अधिकच वेगाने उकळतो. हवेत पसरलेली वाफ मात्र पाण्याच्या तुषारांत विरघळते.

हे नियम बहुतेकांना ठाऊक असतात. प्रश्न असतो तो ते पाळण्याची जबाबदारी कोणाची, हा. त्याचे उत्तर दिल्लीतच, एका वेगळ्या कारखान्याच्या निमित्ताने मिळाले. 4 डिसेंबर 1985 रोजी श्रीराम फूड अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. भोपाळच्या दुर्घटनेला तेव्हा नुकतेच एक वर्ष झाले होते. 17 फेब्रुवारी 1986 च्या आदेशान्वये सर्वोच्च न्यायालयाने तेथील कॉस्टिक क्लोरीन विभाग सुरू करण्यास सशर्त अनुमती दिली. प्रत्येक सुरक्षा-साधनासाठी एकेक कर्मचारी व्यक्तिशः जबाबदार धरला जावा, ही त्यांपैकी एक अट होती. विभागप्रमुखही त्या जबाबदारीतून मुक्त नव्हता. पुढे 20 डिसेंबर 1986 रोजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पीठाने निर्णय दिला, की धोकादायक उद्योग चालविणाऱ्याने हानीची संपूर्ण भरपाई केली पाहिजे. सर्व काळजी घेतली होती, ही सबब त्याला सांगता येणार नाही.

या दोन्ही निर्णयांचा बोध शीतगृहांनाही लागू पडतो. सुरक्षा-झडपेची तपासणी झाली, एवढी नोंद पुरेशी नाही. ती कोणी केली, कोणत्या दिवशी केली आणि काय आढळले, हे नोंदवहीत असले पाहिजे. परंतु केवळ कामगाराच्या नावावर जबाबदारी लिहून मालकाने निर्धास्त होऊ नये. मुखवटा, प्रशिक्षण आणि दुरुस्तीसाठी यंत्र थांबविण्याची मुभा त्यानेच द्यावयाची असते. ती न देता घेतलेल्या स्वाक्षरीने कोणाचाही जीव वाचत नाही.