बडोद्याचा खजिना आणि आमच्या शाळा

(सीमाभागातील मराठी शाळांचे पालक व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा पाठ)



सीमाप्रश्नाच्या व्यासपीठावरून आम्ही नेहमी गावांविषयी, तालुक्यांविषयी आणि भाषिक बहुमताविषयी बोलतो. आज आम्ही प्राथमिक शाळेविषयी बोलणार आहोत, आणि त्यासाठी आपणांस बेळगाव-निपाणीपासून दूर, बडोद्यास नेणार आहोत. सरकारने प्राथमिक शाळा कोणासाठी, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या पैशाने चालवावी, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या संस्थानाने शंभर वर्षांपूर्वीच कृतीने देऊन ठेविली आहेत.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, तेव्हा त्यास लिहिता-वाचताही येत नव्हते. हाच मुलगा पुढे महाराज सयाजीराव गायकवाड म्हणून नावारूपास आला. १८८१ साली राज्यकारभार हाती आल्यावर त्यांनी शिक्षणाचा विचार केला. परंतु एका रात्रीत हुकूम काढून सर्व राज्यावर सक्ती लादली नाही. १८९३ साली काठेवाडातील अमरेली तालुक्यात अवघ्या दहा गावांत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. शिक्षक किती लागतात, खर्च किती येतो, पालक कोठे अडतात, हे पाहून त्याची व्याप्ती वाढविली आणि १९०६ साली सर्व राज्यासाठी कायदा केला. मुलगे सात ते बारा वर्षांचे आणि मुली सात ते दहा वर्षांच्या, अशी मर्यादा होती. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड होता. पण शाळेत फी नव्हती.

याचे फळ काय मिळाले? नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणिले, तेव्हा त्यांनी बडोद्याचाच दाखला दिला. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात शेकडा ७९.६ शाळेत होते, तर ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५. मुलींचे प्रमाण बडोद्यात ४७.६, ब्रिटिश मुलुखात अवघे ४. हा फरक प्रजेच्या बुद्धीचा नव्हता, तिजोरीच्या तोंडाचा होता. दरडोई शिक्षणखर्चात बडोदे ब्रिटिश सरकारच्या सुमारे सहापट पुढे होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? गोखल्यांची मागणी माफक होती : खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थांनी उचलावा. तरीही १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक फेटाळले गेले. साम्राज्याला जे परवडले नाही, ते एका संस्थानाला परवडले होते!

परंतु आम्हांस आपले लक्ष वेधावयाचे आहे ते याहूनही निराळ्या गोष्टीकडे. गायकवाडांचे घराणे मराठी. अमरेलीची प्रजा गुजराती. महाराजांनी त्या मुलांपुढे मराठीचे पुस्तक ठेविले काय? नाही. अमरेलीच्या मुलास गुजरातीतच अक्षरओळख झाली, आणि बडोदे शहरातील मराठी कुटुंबांच्या मुलांसाठी मराठी शाळाही चालल्या. राज्यकर्त्याची भाषा एक आणि मुलाची भाषा दुसरी असली, तर शाळेने मुलाच्या भाषेत बोलावे, हा न्याय एका मराठी राजाने स्वतःच्या खजिन्यातून पाळून दाखविला. सीमाभागात आम्ही मागतो तो याहून अधिक काय?

कोणी म्हणेल, बडोद्यातही सारे गोड नव्हते. खरे आहे. पुष्कळ मुले लवकर शाळा सोडीत आणि शिकलेले विसरून जात. पट भरला म्हणजे विद्या आली असे होत नाही, हे महाराजांच्या ध्यानी आले. म्हणून १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांस आणवून गावोगावी वाचनालये व फिरत्या ग्रंथपेट्या यांची योजना त्यांनी उभी केली. उणीव दिसली तेव्हा शाळा बंद करावी असे त्यांस वाटले नाही; शाळेपुढची पायरी त्यांनी बांधली.

आपल्या शेजारी, करवीरात, शाहू छत्रपतींनी १९१७ साली हाच मार्ग धरिला. स्वतंत्र भारतात तर राजाच्या मर्जीचा प्रश्नच उरला नाही. १९५६ साली राज्यघटनेत आलेला ३५० (अ) हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्यास राज्यांना सांगतो. २००९ सालच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. तेव्हा मराठी शाळेतील रिकामी शिक्षकाची जागा किंवा गळके छप्पर ही दयेची याचना नव्हे. ती वसूल न झालेली बाकी आहे.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वर्षी पहिलीत बसलेले मूल आज संसाराला लागले आहे. दावा थांबू शकतो, बालपण थांबत नाही. निकालाची वाट पाहता पाहता शाळाच ओस पडल्या, तर उद्या सीमा बदलूनही आम्ही कोणती भाषा घेऊन महाराष्ट्रात जाणार?

म्हणून आमचे दोन आग्रह आहेत. सरकारकडे शिक्षक, इमारत आणि पुस्तके लेखी मागा. शाळा सुधारणा समितीच्या सभेस हजर राहा, आणि उत्तर येईपर्यंत अर्ज सोडू नका. आणि स्वतःकडे आणखी एक मागा : आपले मूल मराठी शाळेच्या पटावर घाला, त्यास रोज शाळेत धाडा. मोर्चात दिलेली घोषणा एक दिवस ऐकू येते. पटावर लिहिलेले नाव वर्षभर बोलत राहते. बडोद्यात पालकांस दंडाचे भय घालावे लागले. सीमाभागातील पालकांस तसे भय घालावे लागणार नाही, एवढा भरवसा आम्हांस आहे.